बिनशिवणीचं छप्पर

आमचे घरमालक घरात शिरले की आधी वर बघायचे. समोर कोण बसलंय, जेवणं चालली आहेत की भांडणं, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसायचं. हातात स्वतःचं निळं प्लास्टिकचं स्टूल. ते हॉलच्या मधोमध ठेवायचं, वर चढायचं आणि उजव्या हाताची पालथी बाजू छताला लावायची. माणूस ताडमाड उंच आणि स्लॅब बुटका, त्यामुळे हात आरामात पोचायचा. थोडा वेळ डोळे मिटून तसेच उभे राहायचे. मग खाली उतरून, घरातलंच कुणी आजारी असावं अशा आवाजात सांगायचे, "ताप हाय, मॅडम."

मे महिन्यात हे रोज दुपारी. बेल वाजवणं हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. मला तर न सांगता घरात आलेली माणसं बिलकूल आवडत नाहीत. माझी सख्खी नणंदसुद्धा आधी फोन करते. एकदा मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, "मालक, निदान दार तरी वाजवत जा." त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं.

"डाक्टर पेशंटला इचारून नाडी बगतो काय?"

पनवेलजवळच्या विचुंब्यातली ती तीन मजल्यांची इमारत म्हणजे त्यांचा पेशंट. बापजाद्यांची भातशेती होती, उरणच्या बाजूला मिठागर होतं. शहर वाढत वाढत दारात आलं, जमीन गेली, आणि उरल्या तुकड्यावर मालकांनी ही इमारत बांधली. बांधली तीही अशी, की अंगण म्हणून तसूभर जागा सोडली नाही. स्वतः तळमजल्यावर राहायचे आणि बाकी घरं भाड्याने. शेत सांभाळायची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे सकाळी उठून बांधावर जावं तसे ते गच्चीवर जायचे आणि उगाच चारी कोपरे हिंडून यायचे.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीखाली. घर बघायला आलो तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं, "वरचा मजला हाय. उन्हाल्यान भाजल, पावसाल्यान गलल. नंतर बोलू नका सांगलं नाय." घर भाड्याने देताना घराची बदनामी करणारा मालक मी पहिल्यांदाच पाहत होते. मी मूळची सोलापूरची. तोऱ्यात म्हणाले, "ऊन आम्हाला नवीन नाही." पहिल्याच मे महिन्यात तो तोरा घामाबरोबर वाहून गेला. सोलापूरचं ऊन निदान कोरडं असतं. इथे पंखा पाचवर ठेवला की छतातली सगळी धग गोळा करून अंगावर टाकायचा, आणि पहाटेपर्यंत गादी गरम राहायची.

पावसाळ्यात पेशंटचं दुखणं बदलायचं. मग मालक स्टुलाऐवजी वाटी घेऊन यायचे. बेडरूमच्या कोपऱ्यात जिथे गळत असेल तिथे वाटी धरायची, चार थेंब जमले की बोट बुडवून जिभेला लावायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी ओरडलेच. ते शांतपणे म्हणाले, "मिठागरवाल्याची जीभ हाय मॅडम. हा पावसाचा पानी, टाकीचा नाय. लांबून आलाय. सिमेटाचा खार लागलाय त्याला." मग गच्चीवर जाऊन भेग शोधायचे, आणि खरंच ती गळतीच्या जागेपासून चांगली दहा-बारा पावलं लांब निघायची. त्यांची एक थिअरी होती, येईल त्याला ऐकवायचे: "पानी शिवन शोधतो. कपड्याची असूं दे, होडीची असूं दे, स्लॅबची असूं दे. शिवन गावली की घुसला."

त्या शिवणी बुजवण्यासाठी त्यांनी काय काय केलं नाही! डांबर ओतलं, ते उन्हात वितळून पाइपातून खाली आलं. ताडपत्री घातली, ती वाऱ्याने उडून पलीकडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन पडली. कुणीतरी विटांचे तुकडे आणि सिमेंट टाकून जाड कोबा करायला सांगितला. मालक म्हणाले, "म्हशीच्या पाठीला दुखतंय म्हनून वर दुसरी म्हस बसवू काय?"

गावात यावर एकच सर्वमान्य इलाज होता: गच्चीवर लोखंडी खांब उभे करून पत्र्याची शेड टाकायची. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, निळे-हिरवे पत्रेच पत्रे. मालकीणबाईंचाही हट्ट तोच होता. "पत्रा टाका, अवो. पानी पन थांबल आनि प्रणालीच्या हलदीला आयता मांडव होईल."

ही प्रणाली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. खारघरला एका लॅबमध्ये नोकरीला होती. ती फ्रॉकात होती तेव्हापासून मालकांनी तिला एक शब्द दिला होता: तुझी हळद आपल्या गच्चीवर. या गावांत लग्न एक वेळ साधं होईल, पण हळद म्हणजे हळद. शेकड्यांनी माणसं, बेंजोवाल्यांचा ताफा, जेवणावळी आणि पाय दुखेपर्यंत नाच. हल्ली सगळे हॉल घेतात. प्रणालीच्या सगळ्या चुलत-मावस बहिणींच्या हळदी हॉलमध्ये झाल्या. तिचं म्हणणं एवढंच होतं, की मला माझ्या घरात हळद लागू दे.

मालकांना पत्रा मात्र डोळ्यांसमोर नको होता. "पत्रा तापला की तवा, आनि पाऊस पडला की ताशा. माझी पोर्गी काय तव्याखाली नाचनार?"

आणि मग एके दिवशी ते एका नातेवाइकाच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेले. गेले होते पुतण्याच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला. आमंत्रण राहिलं बाजूला. बाहेर रणरणतं ऊन, आत बर्फ, आणि मध्ये वीतभर भिंत. मालकांनी सवयीप्रमाणे भिंतीला पालथा हात लावला. मग म्हणे त्यांनी तिथल्या माणसाचा पिच्छाच पुरवला. या भिंतीत काय आहे? फोम. कसा लावतात? पिचकारीने मारतात. छतावर मारतात का? मारतात की.

त्याच संध्याकाळी स्टुलाशिवाय, वाटीशिवाय, धापा टाकत ते आमच्या दारात. "मॅडम, मेलेल्या सुरमईची येवडी बडदास्त! आनि जित्त्या मानसानी आमच्या स्लॅबखाली भाजून निघायचं?" मी आधी त्यांना पाणी दिलं.

फोम मारायला गाडी आली तेव्हा दिवाळी होऊन गेलेली, हवा कोरडी होती. गाडीत दोन मोठे ड्रम, लांबलचक नळी आणि पांढरे अंगरखे घातलेली माणसं. अख्खी आळी जमली. मालकांनी ड्रमसमोर नारळ फोडला. दोन ड्रमांतली दोन पातळ द्रव्यं नळीच्या तोंडाशी एकत्र येऊन फवारली जायची आणि स्लॅबवर पडताक्षणी फुगायला लागायची. तव्यावरची भाकरी फुगावी तसं, पण कुठे थांबायचं हे त्याला ठाऊक असावं असं. भेगा, कोपरे, पाइपांचे बुडखे, कठड्याची कड, सगळं एकाच अखंड थराखाली गेलं. मालकांची एक चप्पल कठड्याजवळ राहिली होती, तीही गेली. त्यांना तिचं काही वाटलं नाही. ते नुसतेच "शिवन नाय! कुटंच शिवन नाय!" असं म्हणत गोल गोल फिरत होते. फोमवर मग उन्हापासून जपणारा पांढरा लेप चढला, आणि विचुंब्याच्या निळ्या-हिरव्या पत्र्यांत आमची गच्ची धुतलेल्या धोतरासारखी दिसायला लागली.

गाव हसलं. कुणी म्हणालं मालकाने घरावर थर्माकोल चिकटवला, कुणी म्हणालं केक केला. मालकीणबाई नवऱ्याशी बरेच दिवस फक्त कामापुरतं बोलत होत्या.

मग मे आला. मालक स्टूल घेऊन आले, चढले, हात लावला. डोळे मिटले. बराच वेळ झाला तरी उतरेनात. मी म्हटलं, काय झालं? ते तिथूनच म्हणाले, "ताप नाय." आणि खाली उतरून त्यांनी माझ्या नवऱ्याला मिठी मारली. तो बिचारा बनियनवर टीव्ही बघत होता.

खोटं कशाला बोलू, फरक जमीन-अस्मानाचा होता. पंखा पाचावरून दोनावर आला. रात्री गादी गादीसारखी लागायला लागली. भाड्याचा एसी आणला होता तो आम्ही परत करून टाकला. पावसाळ्यात मालक वाटी घेऊन आले, बेडरूमच्या कोपऱ्यात उभे राहिले, वाट पाहिली. थेंब नाही. वाटी कोरडी. मला वाटलं खूश होतील, पण चेहरा थोडा पडलाच. इतक्या वर्षांचं जिभेचं काम गेलं होतं. मी चहा केला आणि त्याच वाटीत ओतून दिला, तेव्हा कुठे हसले.

यानंतर त्यांचा स्वभाव अधिकच बिघडला. गच्चीच्या शेवटच्या पायरीवर पाटी लागली: 'चपला येथे काढाव्यात.' भाडेकरू भेटला की नमस्काराच्या आधी, "पंखा कितीवर हाय?" कुणी सवयीने चार म्हणालं की त्यांचा अपमान व्हायचा. सर्वांत मोठं युद्ध कावळ्यांशी. कावळ्यांना तो मऊ फोम टोचायला फार आवडायचा. मालक काठी घेऊन धावायचे, "कर्नाल्याला सरकारनी तुमच्यासाटी येवडं अभयारन्य ठेवलंय, तिकडं जा नी!" शेवटी त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या सफारीचं बुजगावणं करून गच्चीत उभं केलं. समोरच्या टॉवरमधल्या एका बाईंनी, तुमच्या गच्चीवरचा माणूस दिवसभर आमच्या खिडकीत बघतो, अशी तक्रारही केली. पितृपक्षात मात्र पंचाईत. कावळ्यांना हाकलता येईना आणि आपल्या गच्चीवर बोलवताही येईना. मग मालक पान घेऊन शेजाऱ्याच्या पत्र्याखाली जाऊन बसले आणि पितरांना तिथून हाका मारल्या.

पुढच्या उन्हाळ्यात प्रणालीचं लग्न ठरलं. मुलगा शिरढोणचा. हळदीला आठवडा असताना मांडववाला बांबू, लोखंडी पाय आणि माणसं घेऊन गच्चीवर गेला. त्याने पहिला खांब ठेवला आणि तो खचकन आत रुतला. मालकांची किंकाळी आम्ही खाली स्वयंपाकघरात ऐकली.

चूक कुठे झाली ते मग कळलं. फोमवाल्याला मालकांनी सगळं विचारलं होतं. माणसं वर फिरली तर चालेल? चालेल, हलक्या पावलांनी. टाकी साफ करायला कुणी गेलं तर? चालेल. पण हळदीला वर शेकड्यांनी माणसं नाचतील, खांब रोवले जातील, मोठमोठी पातेली ओढली जातील, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार? या गावात गच्ची असते कशासाठी, हे कुणी कुणाला सांगत नाही.

जिन्यात मालकीणबाईंचा आवाज चढला. "पत्रा टाका, पत्रा टाका, ओरडून घसा सुकला माजा! आता नाचवा पोरीला तुमच्या डोक्यावं! पोरीपेक्षा तुमचा फेस मोठा झाला?" खाली अंगण नाही, गल्ली गटाराच्या कामासाठी खणून ठेवलेली.  प्रणालीच पुढे होऊन म्हणाली, "राहू दे ना आई. हॉल बघू. इट्स ओके, पप्पा." म्हणाली हसून, पण तशीच आमच्या घरात शिरली आणि सिंकपाशी उभी राहून, नळ सोडून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दार उघडलं तर मालक. हातात स्टूल नाही. दाढी वाढलेली. आत या म्हटलं तरी येईनात.

"मॅडम, गच्चीवरच करतो हलद," ते म्हणाले. "पोरीला शब्द दिलाय. फोम जाईल, जाऊं दे. पन मंग तुमच्या डोक्यावं परत ताप येल, पानी येल. ते सांगाया आलो. आदी इचारलं पायजे ना तुमाला. माफी करा."

या माणसाने त्या छतासाठी चेष्टा सोसली होती, बायकोचा अबोला सोसला होता, पूर्वजांना शेजारी बसवलं होतं. आणि तो लेकीसाठी ते सोडायला निघाला होता, आणि सोडण्याआधी भाडेकरूची परवानगी मागत होता. मला एकदम भरून आलं. मी रागाने बोलायला लागले की मला रडू येत नाही, म्हणून मी रागानेच बोलले.

"काही गरज नाही फोमची वाट लावायची. हळद आमच्याकडे करा. वरच्या मजल्यावर तीन घरं आहेत. दारं उघडायची, सामान बेडरूममध्ये कोंबायचं. गच्चीच्या वर नाही तर गच्चीच्या खाली. घर तुमचंच आहे ना?"

आतून माझ्या नवऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र पडल्याचा आवाज आला.  मालकांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आणि पुढच्याच क्षणाला आत घुसून म्हणाले, "हा सोफा पयला काढा. धवलारीन इथं बसल."

बाकीच्या दोन घरांनीही हो म्हटलं. माझ्यासारखीच भाड्याची माणसं, पण पंखा दोनावर ठेवून सगळी एव्हाना मिंधी झाली होती.

हळदीच्या दिवशी ऊन असं होतं, की गल्लीतलं कुत्रंही सावली सोडत नव्हतं. पाहुणे जिना चढताना कुरकुरत होते. मे महिन्यात शेवटचा मजला, हा काय वेडेपणा! आणि आत पाऊल टाकलं की गप्प व्हायचे. मग वर बघायचे. मालक दारातच उभे, प्रत्येकाचा हात धरून आत न्यायचे आणि स्टुलावर चढवायचे. "लावा हात. पालथा लावा. ताप हाय काय? नाय ना?" व्याह्यांनासुद्धा सोडलं नाही. शिरढोणचे ते वजनदार गृहस्थ, डोक्याला फेटा, स्टुलावर उभे राहून आमच्या छताची नाडी बघत होते आणि खालून दोघांनी त्यांना धरलं होतं. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवले गाणारी बाई. ती म्हातारी तोंडाची फटकळ, उकाड्याने अर्ध्यातच उठून जायची म्हणून प्रसिद्ध. ती आमच्या हॉलमध्ये मांडी घालून बसली ती बसलीच, आणि गाता गाता तिने पदरचं एक कडवं जोडलं, की बापाने लेकीवर पांढऱ्या ढगाची सावली धरली. बायका हसल्या. मालकीणबाई मात्र पदर डोळ्यांना लावून नवऱ्याकडे बघत होत्या, आणि ते बघणं बऱ्याच महिन्यांनी गोड होतं.

बेंजोवाले जिन्यात बसले, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. माणसं आमच्या हॉलमधून समोरच्यांच्या स्वयंपाकघरात नाचत जायची आणि पॅसेजमधून नाचत परत यायची. मी, जिला न सांगता आलेली माणसं आवडत नाहीत, ती ओळख ना पाळख अशा बायकांच्या हातात हात घालून माझ्याच फ्रिजभोवती नाचत होते. नवऱ्याला कुणीतरी हळदीने इतकं माखलं होतं, की तो मला आवाजावरून सापडला.

ऊन उतरल्यावर प्रणाली गर्दीतून वाट काढत वडिलांपाशी आली. अंगभर हळद, केस विस्कटलेले. "पप्पा, एक माणूस चालतं ना वर? हलक्या पावलांनी?"

मालकांनी मान हलवली. दोघं वर गेले आणि काय करतात ते बघायला मीही मागोमाग गेले. खालून बेंजो ऐकू येत होता. शेवटच्या पायरीवर मालक थांबले. प्रणाली एकटीच त्या पांढऱ्या गच्चीच्या मधोमध गेली आणि अगदी हळू, चवड्यांवर, दोन्ही हात वर करून नाचली. मग तिने वडिलांना हात केला. ते आधी नको नको म्हणाले, मग गेले. बापलेक फार तर दोन-चार गिरक्या नाचले असतील. मांडववाल्याचा खांब रुतलेली जागा मालकांनी त्याच दिवशी सकाळी बुजवून घेतली होती आणि वरचा जाड लेप अजून ओला होता. गिरकीच्या नादात प्रणालीची दोन्ही पावलं त्यात पडली. तिने जीभ चावली. लेपात दोन पिवळी पावलं उठली होती, बोटांसकट.

मालक आता ओरडणार, असं मला वाटलं. त्यांनी पोरीला तिथून अलगद बाजूला घेतलं आणि स्वतः तिथे पाय पडू नये म्हणून लांबून वळसा घालून आले.

वर्षभराने, आम्ही आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला जाण्याच्या थोडं आधी, फोमवाल्याची माणसं गच्ची तपासायला आली. उन्हाने हळदीचा रंग उडाला होता, पण पावलं जशीच्या तशी होती. तिथला लेप दबून पातळ झालाय, वरून आणखी एक थर मारायला हवा, असं त्या माणसाने सांगितलं आणि ब्रश उचलला. मालकांनी त्याचा हात धरला.

"तेवडं सोडून मारा."

"काका, इथून गळेल पुढे."

"गलूं दे," मालक म्हणाले.

ती जागा बरोबर आमच्या बेडरूमच्या वर होती. मी शेजारीच उभी होते. मी लेपाचा डबा उचलून पावलांपासून लांब ठेवला.